आवाज बंद करून ऐकलेल्या बातम्या

आक्का, मागच्या महिन्यात मी कान तपासायला गेले होते. लगेच तोंडाला पदर लावू नकोस, दुखत-खुपत काही नाही. बेळगावात आता असल्या तपासणीच्या खोल्या झाल्या आहेत. आत गेलं की दार लागतं आणि इतकं शांत होतं की मला आधी भीतीच वाटली. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला शांततेची सवय कुठली? कानांवर मोठे हेडफोन बसवले, हातात एक बटण दिलं, आणि काचेपलीकडच्या मुलीनं सांगितलं, आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी फटाफट दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं, मशीन बंद पडलं की काय. काचेतून बघितलं तर ती मुलगी खाली मान घालून एकेक कळ फिरवत होती. म्हणजे मशीन चालू होतं, आवाज येत होते, आणि मीच ठोंब्यासारखी बटण हातात धरून बसले होते.

नंतर ती आत आली, स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि कागदावरची रेघ दाखवली. रेघ आधी सरळ जाते आणि मग धाडदिशी खाली. ती म्हणाली, "मॅडम, हे वयामुळं नाही. फार जुनं आहे, अगदी लहानपणापासूनचं असणार. जाड आवाज तुम्हाला ऐकू येतात. बारीक आवाज, म्हणजे स, फ, थ असले, ते तुम्हाला कधी नीट ऐकूच आले नसणार. तुम्ही वाढलात कुठं?" मी म्हटलं, वडगावात, विणकरांच्या गल्लीत. तिनं विचारलं, घरात माग होते? मी म्हटलं, होते. तिनं नुसती मान हलवली. तिच्याकडं वडगावची माणसं रोजच येत असणार. मग म्हणाली, "आणि काम काय करता?" मी सांगितलं, कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यातही इंग्रजी ऐकणं आणि बोलणं हाच माझा विषय. ती पोर माझ्याकडं बघतच राहिली, आणि मला असं काही हसू फुटलं की तिनं पाण्याची बाटली पुढं केली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुला, आईला, लिहायला बसले आहे.

तिथपर्यंत जायची वेळ का आली ते आधी सांगते. माझ्या वर्गाची कॉलेजात ख्याती आहे बरं का. खेड्यांतली मुलं येतात, कुणी मराठी शाळेतलं, कुणी कन्नड शाळेतलं, इंग्रजी म्हटलं की घशाला कोरड. मी त्यांना पुस्तक देत नाही. मोठ्या पडद्यावर इंग्रजी बातम्या लावते. बघा म्हणते, बातम्या देणारी कशी बोलते ते बघा, तसंच बोला. वर्षभरात पोरं बोलायला लागतात. तर यंदा आमच्याकडं नवीन भाषा-प्रयोगशाळा आली. प्रत्येकाला हेडफोन, पडदा नाही, नुसता आवाज. बातमी ऐकायची आणि प्रश्नांची उत्तरं लिहायची. पहिल्या दिवशी मीही मुलांबरोबर बसले. आणि आक्का, मला काही कळलंच नाही. भिंतीपलीकडं कुणीतरी बोलतंय एवढंच कळत होतं, काय बोलतंय ते नाही. शेजारी बेळगुंदीची एक मुलगी बसली होती, गेल्या वर्षी जिला माझ्यासमोर "येस मॅडम" म्हणायलाही घाम फुटायचा, ती भराभरा लिहीत होती. मी तिच्या कागदात डोकावले! पन्नाशीच्या बाईनं, ख्याती असलेल्या!

त्या दिवशी बसनं घरी येताना मी ठरवून टाकलं होतं की आता पुरे. लोकांना कळायच्या आत आपणच राजीनामा द्यायचा. मला वाटलं, इतकी वर्षं मी मिरवलं ते इंग्रजी खोटंच होतं. मला येतच नव्हतं. माझ्या तोंडून ते कसं निघत होतं कुणास ठाऊक, पण कानात शिरत नव्हतं हे त्या हेडफोननं दाखवून दिलं. तुझ्या लेकीचा स्वभाव तुला माहीत आहे, रडायच्या आधी भांडते. त्या रात्री मी टीव्हीशी भांडले, भांड्यांशी भांडले, आणि दुसऱ्या दिवशी कानाच्या तपासणीची वेळ घेतली. कान चांगले निघाले तर राजीनामा, असं मनाशी होतं. कान वाईट निघाले, आणि मग प्रश्न उलटाच झाला. मला ऐकू येत नव्हतं तर मी इंग्रजी शिकले कशी?

आठवत बसले. आपलं ते घर. पुढच्या सोप्यात विजेवरचे माग, मागं स्वयंपाकघर, मधे पातळ भिंत. सकाळी माग सुरू झाले की भांड्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं. मागाच्या घरात ओरडून बोलत नाहीत, ओरडून उपयोगच नसतो. समोर यायचं, बघायचं, आणि ओठ हलवायचे. आवाज काढायची गरज नाही. आप्पांना काही सांगायचं असलं तर सुताची एक रिकामी कांडी त्यांच्या पायाशी टाकायची, ते वर बघायचे, की मग ओठांनी सांगायचं: चहा झालाय, पावणं आल्यात, सूत संपलं. सगळ्या गल्लीत असंच. पण तुझ्यासारखं कुणाला जमायचं नाही. समोरच्या घराच्या पायरीवर दोघी कन्नडमध्ये कुजबुजत असल्या तर तू इकडं तांदूळ निवडता निवडता त्यांची सगळी भानगड समजून घ्यायचीस. काकाच्या मुलीला बघायला निपाणीकडचे लोक आले होते, आठवतं? तू स्वयंपाकघराच्या दारात उभी. सोप्यात नवऱ्या मुलाच्या मावशीनं शेजारणीच्या कानाला लागून काहीतरी म्हटलं. तू वळलीस आणि काकूला म्हणालीस, "त्यास्नी दुसऱ्यांदा पोहे वाढू नगोस. पोरगी बुटकी हाय म्हणत्यात." काकू म्हणाली, तुला एवढ्या लांबनं कसं ऐकू आलं? तू म्हणालीस, "ऐकतंय कोण? मला दिसलं की." त्या मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही की पोह्याचं पातेलं अचानक रिकामं कसं झालं.

आणि मग आपल्याकडं टीव्ही आला. ब्लॅक अँड व्हाईट, मांजरपाटाचं झाकण घातलेला. मी तेव्हा हायस्कूलला, आणि इंग्रजीत दरवर्षी कशीबशी काठावर. बाई शिकवायच्या ते मला फळ्यावर कळायचं, तोंडी विचारलं की माझं सगळं शेंडाबुडखा नसलेलं. एकदा तू माझं प्रगतिपुस्तक बघितलंस. त्या संध्याकाळी माग थांबल्यावर टीव्ही लावलास. आधी हिंदी बातम्या झाल्या, त्या सगळ्यांनी ऐकल्या. मग इंग्रजी बातम्या सुरू झाल्या, तुझा थोरला, अण्णा, बंद करायला उठला, तर तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. हिला बघू दे." आणि पुढं होऊन आवाजाचं बटण पार डावीकडं पिळलंस. बातम्या देणारी बाई मुकी झाली, नुसते ओठ हलताहेत. मी म्हटलं, आक्का, आवाज? तू म्हणालीस, "आवाज कशाला? आवाजाला लाईट लई खातंय. आधी तोंडाकडं बग." मागाच्या घरात विजेच्या बिलाची केवढी धास्ती, तेव्हा मला ते पटलं. मी तर शाळेत मैत्रिणींनाही सांगितलं होतं की टीव्हीचा आवाज बंद ठेवला तर बिल कमी येतं, आणि त्यांनीही घरी जाऊन बंद केला होता.

तुझी पद्धत आता बघते तेव्हा चकितच व्हायला होतं. तुला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. मराठीही वाचता येत नव्हतं. पण बातम्यांच्या सुरुवातीला ठळक बातम्या सांगतात आणि शेवटी त्याच परत सांगतात, हे तू दोन दिवसांत हेरलंस. मग तुझा नियम ठरला. सुरुवातीला आवाज बंद. हिंदीत काय झालं ते आपण ऐकलेलंच आहे, तर आता ही काय म्हणत असेल ते ओळख. मधे बातमीच्या वेळी खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती मी वाचायची. आणि शेवटी परत ठळक बातम्या आल्या की तू उठून बटण उजवीकडं पिळायचीस, आणि म्हणायचीस, "आता जुळतंय का बग." आणि आक्का, जुळायचं! जे ओठांवर बघून ठेवलं होतं ते आवाजात सापडायचं. मला वाटायचं, मी ऐकते आहे. त्या आनंदात मी टाळ्या पिटायचे आणि तू म्हणायचीस, "गप. बाई काय म्हणती बग. कुठं तर पूर आलाय आन् तू टाळ्या वाजवतीस."

बातम्या देणाऱ्यांना तू तुझीच नावं ठेवली होतीस. एक दातवाली. ती तुझी लाडकी, कारण तिचं सगळं दिसायचं. एक मिशीवाला होता, तो आला की तू वैतागायचीस. "ह्या मुडद्याचं काय बी दिसंना. वरचा ओठ झाकून बसलाय. ह्याला घरी कोण काय सांगत न्हाई?" मिशीवाल्याच्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. दातवालीच्या दिवशी मात्र मला उठू द्यायची नाहीस. ती एक वाक्य बोलायची, मग तू टीव्हीकडं पाठ करून माझ्यासमोर बसायचीस आणि म्हणायचीस, बोल. मी बोलायचे. तू माझ्या तोंडाकडं असं बघायचीस, जसं कापडात तुटलेला धागा शोधतात. "न्हाई. तिनं वरचं दात खालच्या ओठावर ठेवलं. तू दोनी ओठ मिटलीस." मी परत बोलायचे. "आता बरं." हवामान सांगताना ती 'वेदर' म्हणायची तेव्हा तर तू पहिल्यांदा लाजलीस. "अगं बया! ही जीब दावती की गं सगळ्यास्नी!" मग दोन-चार दिवस नीट बघून तुझी खात्री झाली की ती मुद्दाम दावते, ठरावीक शब्दाला दावते. त्यानंतर मला सूट नाही. "तिची जीब दिसली. तुझी दिसंना." शब्दाचा अर्थ काय हे तू कधी विचारलं नाहीस. अर्थ माझं मी बघायचं, तुझं काम तोंड. आरशासमोर बसवून तू माझ्याकडून ती सगळी इंग्रजी तोंडं घटवून घेतलीस. आज मुलांना मी तेच शिकवते आणि त्याला मोठमोठी इंग्रजी नावं आहेत. मला ती नावं नंतर कळली, तू ती बोटानं दाखवली होतीस.

आणखी एक बजावलं होतंस. "तोंड दिसंना झालं तर सांगायचं, इकडं बघून बोला म्हणून. त्यात लाजायचं काय न्हाई. इचारल्याशिवाय कोण सांगणार?" ते खानापूरला शिकवायच्या नोकरीच्या मुलाखतीत कामाला आलं. तू हट्टानं बरोबर आली होतीस, नवीन इरकल नेसून. एवढ्या मोठ्या पोरीच्या मुलाखतीला आई कशाला, म्हणून मी रस्ताभर धुसफुसत होते. ती नोकरी लागली नसती तर मी परत सोप्यात येणार होते, कांड्या भरायला, आणि मग मागावर. आप्पा थकले होते आणि आणखी वाट बघणं घराला परवडणारं नव्हतं. आत तिघे जण. मधे बसलेले गृहस्थ टकलू, हनुवटी तळहातावर टेकवून, बोटं ओठांवर. त्यांनी काहीतरी विचारलं. मला नुसती गुणगुण ऐकू आली.  आणि मी चक्क इंग्रजीत म्हटलं, सर, जरा हात बाजूला घेऊन परत विचाराल का? बाकीचे दोघे हसले. त्यांनी हात खाली घेतला, परत विचारलं, मी उत्तर दिलं, आणि पुढं गाडी थांबलीच नाही. शेवटी म्हणाले, तुमचे उच्चार फार स्वच्छ आहेत, कुठं शिकलात? मी म्हटलं, बातम्या बघून. ते म्हणाले, "ऐकून, असं म्हणायचंय तुम्हाला." मी म्हटलं, हो सर, ऐकून.

बाहेर आले तर तू व्हरांड्यात नव्हतीसच. तू समोरच्या चिंचेखाली, खिडकीच्या बरोबर समोर, मांडी घालून बसली होतीस. मी जवळ आले तशी तू उठलीस, निऱ्या झाडल्यास आणि म्हणालीस, "चल, लागली तुला." मी म्हटलं, आक्का, काहीतरीच काय, ते पत्रानं कळवणार आहेत. तू म्हणालीस, "कळवू देत. तू भायेर पडल्यावर तो टकल्या दुसऱ्याला कन्नडात म्हणाला, हिलाच घ्या." पत्र यायच्या आधीच तू सगळ्या गल्लीत साखर वाटलीस आणि माझा जीव टांगणीला लावलास. पत्र आलं. तू ते हातात घेतलंस, उलटसुलट केलंस आणि मला परत दिलंस, मला आधीच ठाऊक होतं अशा चेहऱ्यानं. पुढं थोड्याच वर्षांत तू गेलीस. माझं खानापूरहून बेळगावला येणं तू बघितलं नाहीस.

तर तपासणीनंतर मी थेट अण्णाकडं गेले. अण्णानं माग कधीच विकून टाकले, आता शहापुरात त्याचं साड्यांचं छोटं दुकान आहे. वैनीनं चहा ठेवला. मी कागद दाखवला, सगळं सांगितलं, की अण्णा, मला लहानपणापासूनच कमी ऐकू येतं म्हणे. मला वाटलं तो दचकेल. त्यानं साडीची घडी घातली, बाजूला ठेवली आणि म्हणाला, "व्हय. आम्हास्नी ठावं हाय की."

मी म्हटलं, काय ठावं हाय?

"तू रांगत होतीस तवाच आक्काला कळालतं. पाठीमागनं हाक मारली की तू वळायचीस न्हाई. समोर आलं की हसायचीस. तुझा पाळणा मागाच्या खांबाला बांधल्याला असायचा बग. काम सोडून तुला कुठं ठेवणार? ते लई लागलं तिच्या जिवाला. पाळणा सोडला, पर झालं ते झालं. तवापास्नं तिनं आम्हा सगळ्यास्नी सांगून ठेवल्यालं, पोरीला पाठीमागनं हाक मारायची न्हाई. समोर जाऊन बोलायचं. आन् तिला ह्यातलं कायबी सांगायचं न्हाई."

मी विचारलं, का नाही सांगायचं? अण्णा म्हणाला, "म्हणायची, पोरगी बहिरी हाय असं एकदा तोंडातनं गेलं की ती तसलीच होऊन बसती. शाळेत मागं बसवतील, पुढं कोण लगीन करून घेणार न्हाई. मी बघतो तिचं काय करायचं ते." तुझं बोलणं त्यानं तुझ्याच शब्दांत सांगितलं, 'मी बघतो' असं पुरुषासारखं तू रागात असलीस की म्हणायचीस, तसं. वैनी चहाचा कप धरून तशीच उभी होती. तिलाही ठाऊक नव्हतं.

आक्का, मी शहापुरातून घरापर्यंत चालत आले. एकेक गोष्ट आठवत होती आणि पाय थांबत होते. शाळेत तू बाईंना सांगितलं होतंस, पोरीला लांबचं दिसत नाही, पुढं बसवा. बाईंनी डोळे तपासायला पाठवलं, डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, आणि तू बाईंना म्हणालीस, "डाक्टरला काय कळतंय?" मी शाळा संपेपर्यंत पहिल्या बाकावर. घरात कुणीच मला दुसऱ्या खोलीतून हाक मारत नसे. लग्नानंतर सासरी सगळे इकडून तिकडं ओरडून बोलत तेव्हा मला वाटायचं, केवढी ही उद्धट माणसं, समोर येऊन बोलायची रीत नाही. मला वाटत होतं ती सगळ्या मागाच्या घरांची रीत आहे. रीत होतीच. पण त्या रीतीच्या आड तू मला लपवलंस, इतकं बेमालूम की मला स्वतःलाही मी सापडले नाही. आणि टीव्हीच्या आवाजाला लाईट जास्त खातं, हे! बाई गं! घरात दिवसभर माग चालतात, आणि टीव्हीच्या आवाजाला लाईट खातं! ते मी खरं मानलं. तुला लाईटशी काही देणंघेणं नव्हतं. मला जे ऐकू येत नव्हतं ते तू डोळ्यांनी आत घालत होतीस, रोज, कुणाला न सांगता, एका अशा भाषेतून जी तुला स्वतःला येत नव्हती. हे माणसाला कसं सुचतं? मी शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे, मला नाही सुचलं. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, काय बाई होती ही! एक रिक्षावाला थांबला, कुठं जायचंय म्हणाला.

राजीनामा दिला नाही. माझं इंग्रजी खोटं नाही हे तुझ्यामुळं कळलं, आणि मग त्याची लाजही वाटेना. सोमवारी वर्गात उभी राहिले आणि मुलांना सांगितलं की मला कमी ऐकू येतं, लहानपणापासून, आणि मी इंग्रजी बघून शिकले आहे. तेव्हा माझ्याशी बोलताना समोर या आणि तोंडावरचा हात काढा.  मग ती बेळगुंदीची मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला ऐकू येत न्हाई म्हणता, मग आम्ही मागच्या बाकावर हळू बोलतो ते तुम्हाला कसं कळतंय?" मी म्हटलं, म्हणून तर कळतं. अर्ध्या वर्गाचे चेहरे पांढरे पडले. वर्षभर काय काय बोलून बसलेत कुणास ठाऊक. प्रिन्सिपॉलसाहेबांनाही जाऊन सांगितलं. भला माणूस आहे. प्रयोगशाळेत आता हेडफोनच्या आधी पडदा असतो. पहिल्यांदा बातम्या आवाजाशिवाय, मग आवाजासकट, मग नुसता आवाज. मुलं विचारतात, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली? मी म्हणते, वडगावची.

आणि गेल्या आठवड्यात कानाला यंत्रं बसवली. दोन्ही कानांत, शेंगदाण्याएवढी. आक्का, केवढं जग असतं गं! माझ्याच बांगड्या, माझीच साडी, चालताना आवाज करते हे मला ठाऊक नव्हतं. नळ थेंबथेंब गळत होता, किती वर्षं गळतोय देव जाणे. संध्याकाळी इंग्रजी बातम्या लावल्या, आवाज वाढवला, आणि मी सोफ्यावर बसूनच राहिले. इंग्रजीत इतका 'स' असतो? शब्दाच्या शेवटी, मधे, सगळीकडं, सळसळ नुसती. जी तोंडं मी इतकी वर्षं करत आले, आरशात बघून बघून, त्यांतून हे निघतं होय? मी पण म्हणून बघितलं, 'फ्लड्स', 'वेदर', आणि माझ्याच तोंडून तो बारीक आवाज निघाला, बरोबर, जसा त्या बाईचा निघत होता तसा. जन्मात कधी न ऐकलेला आवाज मी जन्मभर बिनचूक काढत होते.  मी डोळे मिटून बातम्या ऐकून बघितल्या. अर्ध्या कळल्या. उरलेल्यासाठी डोळे उघडावे लागले. ती मुलगी म्हणाली आहे, सवय होईल.

काल अण्णा यंत्रं बघायला आला होता. त्याचा आवाज मला नवीनच वाटला, बोलताना त्याच्या पुढच्या दातांतून शिट्टी निघते. दोघं खूप वेळ तुझ्याबद्दल बोलत बसलो. त्यानं तुझं ते पोह्याचं सांगितलं, मिशीवाल्याचं सांगितलं, हसून हसून त्याला ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाला, "लई गोड आवाज गं आक्काचा. ओवी म्हणायची तवा मागवालंबी माग थांबवायचं. तुला आठवतंय न्हवं?" मी म्हटलं, आठवतंय की.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि टाकलं असतं तरी तुला वाचता येत नव्हतं. अण्णाला जे सांगितलं ते खरं नाही, एवढं तुला तरी सांगावं म्हणून लिहिलं. तुझं प्रत्येक वाक्य मला तुझ्या ओठांवर दिसतं, तुझा रुसवा, तुझं "आता बरं", सगळं. आवाज आठवत नाही, आक्का. तू ओवी म्हणायचीस हेच मला काल कळलं.